डेन्मार्कचे घरजावई

पाऊलनं कुदळ डोक्यावर उचलली. ती खाली यायच्या आत नत्थुजीनं मागून येऊन वरच्या वर धरली.

"थांबा नं बावा! पावन्याच्या हातात कुदय? लाज वाटत नाई का गा खुशाल तुले?"

पाऊल म्हणजे डेन्मार्कचा विद्यार्थी. साडेसहा फूट उंच, तांबूस दाढी, वय बावीस. नत्थुजी म्हणजे वलगावचा कास्तकार, शेतात राबणारा. पाच फूट, वय साठ. पण कुदळ नत्थुजीकडंच गेली. पाऊलनं थोडी ओढून पाहिली, मग सोडून दिली. त्याला वाटलं, ही इथली पद्धत असेल. पद्धतच होती.

खुशालच्या पोटात गोळा आला.

तसा खुशालच्या पोटात गोळा रोजच यायचा. जानराव मास्तरांचा हा थोरला मुलगा अमरावतीच्या कॉलेजात बी.ए.ला होता, आणि नावाप्रमाणे खुशाल असा तो आयुष्यात फक्त बारशाच्या दिवशी होता. तेव्हाही रडतच होता म्हणे. पण आजचा गोळा साधा नव्हता. आजच्या गोळ्यात अख्खं डेन्मार्क होतं.

झालं होतं असं. परदेशातले विद्यार्थी गरीब देशांत जातात, तिथल्या गावात राहून रस्ता, विहीर, शाळा असं काहीतरी अंगमेहनतीनं बांधून देतात आणि तिथली संस्कृती पाहतात. असा एक श्रमसंघ असल्याचं खुशालला कॉलेजच्या वाचनालयातल्या जुन्या मासिकात सापडलं. त्यानं डिक्शनरी मांडीवर घेऊन पत्रं लिहिली. एक नाही, तेवीस. चोविसावं पत्र तिकडून आलं. १९५९ च्या डिसेंबरात सहाजण येतील, चार मुलगे, दोन मुली. दहा दिवस वलगावला, मग दहा दिवस अकोल्याला. आणि दोन्ही शिबिरं भरवणाऱ्या दोन पोरांपैकी एकाला पुढच्या उन्हाळ्यात संघाच्या खर्चानं डेन्मार्कला शिबिराला नेतील. एकालाच. कोणाला, ते त्यांची पुढारीण कारेन आपल्या अहवालात लिहील.

दुसरा पोरगा म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेतला देवीदास. खुशालनं त्याला एकदाच पाहिला होता. देवीदासच्या टोपीला इस्त्री होती आणि पोटात गोळाबिळा काही नव्हता.

वलगावात करायचं काम म्हणजे शाळेचा रस्ता. मोठ्या सडकेपासून शाळेपर्यंत साडेतीनशे फूट. सगळी काळी माती. हातभर खोदायची, दगड भरायचे, वर गिट्टी, त्यावर मुरूम. दहा दिवसांचं काम. खुशालनं कागदावर नीट आखलं होतं, दिवसाला पस्तीस फूट. त्याच्या आखणीत फक्त नत्थुजी नव्हता.

आणि नत्थुजी एकटा असता तरी परवडलं असतं.

पहिल्याच दिवशी गावानं शाळेपाशी सहा खाटा आणल्या. लिंबाच्या सावलीत मांडल्या. वर घोंगड्या, घोंगड्यांवर धुतलेली लुगडी. पाहुण्यांना हाताला धरधरून बसवलं. मनकर्णाबाईनं सहा परातींत सहाजणांचे पाय धुतले. ही मनकर्णाबाई नत्थुजीची वहिनी. गावात तिचा शब्द खाली पडायचा नाही, आणि चुकून पडलाच तर ती उचलून पुन्हा फेकायची. मग गुळाचा चहा आला. मग शेंगदाणे. मग दुसरा चहा. समोर वलगावची तीस माणसं घाम गाळत रस्ता आखत होती आणि डेन्मार्क खाटेवर बसून शेंगदाणे सोलत होतं.

कारेन उंच, काटकुळी, कायम हातात वही. दहा वाजता तिनं खुशालला विचारलं, "आम्ही काम कधी सुरू करायचं?"

गावकरी ऐकत नाहीत असं सांगावं तर आपली व्यवस्था बरोबर नाही असा अहवाल जाईल.

"आज सण आहे," तो बोलून गेला. "अवजारांची पूजा. आज पाहुण्यांनी अवजाराला हात लावायचा नसतो."

कारेन खूश झाली. वही उघडून म्हणाली, "सणाचं नाव?"

समोर नत्थुजी उभा. दुसरं काही सुचेना.

"नत्थुपाडवा," खुशाल म्हणाला.

कारेननं ते लिहून घेतलं. मग सहाही पाहुणे उठले आणि कुदळी-फावड्यांना रीतसर हात जोडून आले. नत्थुजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाय गा," तो खुशालला म्हणाला, "केवढे संस्कार! अन् तू त्याइले कामाले लावतं!"

संध्याकाळी जानराव मास्तरांच्या ओसरीवर सल्ला द्यायला गाव जमलं. जानराव स्वतः श्रमप्रतिष्ठेवर तासभर बोलले. कोणतंही काम हलकं नसतं, मोठमोठ्या देशांत साहेबही स्वतः झाडू मारतो वगैरे. लोकांनी मन लावून ऐकलं. शेवटी मनकर्णाबाई म्हणाली, "मास्तर, तुमचं सारं खरं आहे. त्याइच्या देशात त्यायनं कराव नं काम. आमी कुठं नाई म्हनतो? पन इथं कसं करू देऊ? उद्या त्याइच्या मायनं इचारलं, पोरी हाताले फोड कायचे वं, त मी काय सांगू?"

"मनकर्णाबाई, ते कामासाठीच आले आहेत."

"पावना म्हनतेच तसं. 'नोको, नोको, मी घेतो.' तो म्हनते म्हून आपन करू द्याव का?"

जानराव श्रमप्रतिष्ठेवर पुन्हा पहिल्यापासून बोलू लागले. खुशालची आई, आशाबाई, दारातून म्हणाली, "मी काय म्हनते, ते त्या डेनमारकाचं राहूच दे. त्यापेक्षा तलाठ्याची परीक्षा दे."

एकच सल्ला कामाचा निघाला. तो ग्रामसेवकानं दिला, तंबाखू चोळत, जाता जाता. "श्रमदानाले कलेक्टर येतात ना, खुशालभाऊ, तेवा कोनी कुदय हिसकते का? फोटू निघून होईस्तोर साहेबाच्या हातात कुदय चालते. फोटूले कोनी नाई म्हनत नाई."

खुशालला रात्रभर झोप आली नाही. पण ही झोप आनंदानं गेली होती, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

सकाळी पहिल्या मोटारीनं तो अमरावतीला गेला आणि बुधाजी फोटोवाल्यांना तीन पायांच्या कॅमेऱ्यासकट घेऊन आला. बुधाजी भला माणूस. त्यांना खुशालनं काम समजावून सांगितलं. ज्यावर फोटो उमटतो ती काच कॅमेऱ्यात टाकायची नाही. फक्त काळ्या कापडाखाली डोकं घालून उभं राहायचं. जितका वेळ डोकं आत, तितका वेळ पाहुणे काम करतील.

"म्हणजे फोटो काढायचाच नाही?" बुधाजींनी विचारलं.

"नाही."

"मग डोकं बाहेर कधी काढू?"

"संध्याकाळी."

बुधाजींनी कापड झटकलं. मग डोकं आत घातलं.

आणि जमलं! पाऊलनं कुदळ उचलली. नत्थुजी पुढं धावला, कॅमेरा दिसताच थबकला. "फोटू आहे का? बरं बरं, होऊ द्या." कारेननं फावडं घेतलं, दुसरी मुलगी घमेली उचलू लागली. पाचच मिनिटांत डेन्मार्कला घाम फुटला आणि सहाही चेहरे असे उजळले, की कालच्या चहा-शेंगदाण्यांनी उजळले नव्हते. खुशालनं मनातल्या मनात बोटीत पाय ठेवला.

फक्त एक अडचण होती. बुधाजींची वीस वर्षांची सवय. दर दोन मिनिटांनी कापडाखालून आवाज यायचा, "हलू नका!" आणि सगळे आहे तिथं थांबायचे. पाऊल कुदळ हवेत धरून, कारेन वाकून, घमेली अर्ध्यात. खुशालनं जाऊन कापडाखाली तोंड घालून सांगितलं, "काका, ते बोलू नका ना." बुधाजी आतून म्हणाले, "बोलत नाही बाप्पा, तोंडातून निघून राहिलं."

तरी दुपारपर्यंत वीस फूट झाले. पण तोवर गावात बातमी पसरली होती, की शाळेपाशी फोटू निघून राहिले.

मग कोण थांबतं? नत्थुजी घरी जाऊन फेटा बांधून आला. मनकर्णाबाई हिरव्या लुगड्यात आली, सोबत बारा बाया. कोणी नातू आणला, कोणी बैल. बैलांवर झुली, शिंगांना रंग. सगळे रस्त्याच्या मधोमध ओळीत उभे राहिले, आणि ग्रुपफोटोत पाहुण्यांना खुर्च्या असतात म्हणून शाळेतून सहा खुर्च्या आल्या. डेन्मार्क पुन्हा बसलं. चार वाजता बुधाजी कापडाखाली चक्कर येऊन कॅमेऱ्यासकट खाली बसले. त्यांना लिंबूपाणी दिलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य ते "हलू नका" असंच बोलले, आणि साठ माणसं हललीही नाहीत. पाचच्या मोटारीनं ते निघून गेले. फोटू कधी येतील असं गाव खुशालला त्या रात्री झोपेपर्यंत विचारत होतं.

पण खरा घोटाळा तिसऱ्या दिवशी उजाडताना झाला.

पाहुण्यांना काल घाम आला, ही गोष्ट गावाच्या मनाला लागली होती. वीस फूट! पावन्याइनं! वीस फूट! मनकर्णाबाई तर जेवली नाही. पहाटेच एकतीस बंड्या जुंपल्या गेल्या. खुशाल सहाला उठून, तोंडात दातवण धरून शाळेकडं आला तेव्हा समोर रस्ता होता. म्हणजे सगळाच. दगड, गिट्टी, मुरूम, वर पाणीसुद्धा मारलेलं. सूर्य उगवत होता आणि रस्ता ओला, तांबडा, सुंदर दिसत होता. त्याच्याइतकी भयंकर गोष्ट खुशालनं जन्मात पाहिली नव्हती.

त्याच्या तोंडातलं दातवण गळून पडलं.

नत्थुजी कमरेवर हात ठेवून उभा होता. "बोल आता! दोनशे नव्वद फूट. तीन घंट्यात."

"अन् ते... ते शेवटचं?" खुशालनं शाळेजवळच्या काळ्या तुकड्याकडं बोट दाखवलं.

"चायीस फूट ठेवले नं पावन्याइसाठी. मान म्हून."

कारेन आली. तिनं रस्ता पाहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली आणि मग मैलाच्या दगडावर बसली. वही उघडली नाही. हेच वाईट. वही उघडली असती तर काहीतरी बोलली असती.

"आम्ही वर्षभर सुट्टीच्या दिवशी खाणावळीत बश्या धुतल्या, इथं येण्यासाठी," ती हळू आवाजात म्हणाली. "खुशाल, तुमच्या गावाला आमचा काही उपयोग आहे का?"

खुशालकडं डिक्शनरी होती. पण या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नव्हतं.

आणि नेमका त्याच वेळी, अकोल्याच्या मोटारीतून, इस्त्रीची टोपी घालून देवीदास उतरला. सहज आला होता म्हणे. शिबिर पाहायला. त्यानं रस्ता पाहिला, खाटा पाहिल्या, कारेनचं तोंड पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं.

"लय प्रेमळ गाव आहे बाप्पा तुमचं, खुशालभाऊ," तो म्हणाला. "आमच्याकडं असं नाई. आमच्याकडं पावन्याले कोनी पानी बी इचारत नाई." हे त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं की ऐकणाऱ्याला अकोल्यात राहायला जावंसं वाटावं. मग खिशातून कागद काढून त्यानं कारेनपुढं धरला. विहीर. बावन्न फूट. खडक. कोणी मदत करणार नाही, हमी.

कारेनचे डोळे चमकले. तिनं मोजलं. उरलेले चाळीस फूट आज संध्याकाळपर्यंत होतील, उद्या सकाळी अकोला. खुशालकडं वळून ती फार चांगल्या शब्दांत म्हणाली, की तुम्ही सगळ्यांनी खूप प्रेम दिलं. प्रेम हा शब्द ऐकून खुशालला कळलं, की अहवाल लिहून झाला.

आता माणसानं घाबरल्यावर काय करू नये, ते सगळं करायची खुशालला लहानपणापासून सवय. त्यानं विचार केला. काम संपलं म्हणून पाहुणे जाणार. म्हणजे काम वाढायला पाहिजे. काम वाढवायचं म्हणजे... त्यानं शाळेच्या मागं भिंतीला टेकलेली सब्बल पाहिली. ही लोखंडी पहार चांगली पुरुषभर उंच होती.

दुपारी मारुतीच्या देवळापाशी गावानं पाहुण्यांना रोडग्यांचं जेवण ठेवलं होतं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वर तूप, वांग्याची भाजी. अख्खं गाव तिकडं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पन्नास फूट उखडायचे, आणि एखादी बंडी रुतली असं सांगायचं. सोपं होतं. सोप्या गोष्टींची खुशालला फार आशा असायची.

त्यानं सब्बल दोन हातांनी उचलली आणि रस्त्यात घातली. मनगटापासून खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातात पेनापेक्षा जड काही आलं होतं. गावानं काम असं केलं होतं की दगड हलेना. दहा मिनिटांत तळहाताला फोड आले, वीस मिनिटांत फुटले. तो रडत होता की घाम होता ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. पण तो थांबला नाही. दात-ओठ खाऊन, वाकून, पुन्हा पुन्हा. तासाभरात सहा फूट.

तिकडं देवळापाशी पाऊलनं बारावा रोडगा संपवला. तेरावा घ्यायचा की नाही हे त्याला विचारायला मनकर्णाबाईला दुभाषी हवा होता. "खुशाल कुठं गेला?" म्हणून शोध सुरू झाला. नत्थुजी पुढं, मागं गाव, गावामागं डेन्मार्क, सगळ्यात शेवटी देवीदास. सगळे वळण घेऊन रस्त्यावर आले.

खुशाल सब्बल वर धरून होता.

मग नत्थुजी फार हळू बोलला. तो ओरडला असता तर खुशालला बरं वाटलं असतं.

"काहून गा?"

जानराव मास्तर गर्दीत होते. चौदा वर्षं त्यांनी त्या चिखलातून पोरं खांद्यावर घेऊन शाळेत नेली होती. त्यांनी खाली पाहिलं.

"काहून गा, खुशाल? आमी रस्ता केला, तू खोदून राहिला?"

मग खुशालच्या तोंडातून जे निघालं, ते काही आखलेलं नव्हतं. "कारण तुम्ही त्यांना काम करू देत नाही! ते कामासाठी आले. काम नाही म्हणून ते उद्या जाऊन राहिले अकोल्याला. अन् ते गेले की डेन्मार्कला तो देवीदास जाते, मी नाई. मला जायचं आहे हो! मला एकदा तरी कुठं जायचं आहे. वलगाव ते अमरावती, अमरावती ते वलगाव, बस! नत्थुपाडवा म्हणून कोणता सण नाही. कॅमेऱ्यात काच नव्हती. अन् हे सहा फूट मी खोदले. आता मारा."

कारेननं विचारलं, तो काय म्हणतो आहे? वलगावचा दुभाषी एकच होता. तेव्हा खुशालनं हे सगळं पुन्हा इंग्रजीत, स्वतःच्याच विरुद्ध, शब्दाशब्दानं सांगितलं. पाऊलच्या हातात तेरावा रोडगा होता. तो खायचा थांबला.

"काचच नव्हती?" मनकर्णाबाई म्हणाली. रस्त्यापेक्षा तिला ते जास्त लागलं होतं. मग ती खाली बसली, उठली, पदर खोचला. "तुयं काम अडलं होतं, त पयले सांगाव नं रे पोट्ट्या. तुयं काम मंजे आमचं नाई का?"

"सांगितलं असतं तर पाहुण्यांना काम करू दिलं असतं?"

"पावन्याले? कधीच नाई." ती विचारात पडली. सगळं गाव तिच्याकडं पाहत राहिलं. "पावन्याले काम लावता येत नाई. पन मी म्हनते, सुनेले येते."

"आँ?" नत्थुजी म्हणाला.

"सुनेले कोनी खाटेवर बसवते का? अन् घरजवायाले? मायबाई, घरजवाई त बैलाच्या आंधी उठते! ह्या दोघी आजपासून माया सुना. अन् ते चौघं वलगावचे घरजवाई. झालं! आता कोन काम करू देत नाई ते मी पायते."

तिनं तिथंच हळदीकुंकू मागवलं. कारेनच्या कपाळाला लावलं, दुसरीच्या लावलं, ओटी भरली. चार मुलग्यांच्या हातावर नारळ ठेवले. खुशालनं कारेनला समजावलं की आता तुम्ही पाहुणे नाही, घरचे झालात. कारेनला ते इतकं आवडलं की तिनं वही उघडली. अकोल्याला ठरल्या तारखेलाच येऊ, असं तिनं देवीदासला सांगितलं. देवीदास रिकाम्या मोटारीनं परत गेला. जाताना त्याच्या टोपीची इस्त्री मोडलेली होती.

खुशालला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत मनकर्णाबाई शाळेच्या ओसरीवर उभी होती. "उठा वं! सुना अजून झोपून राहिल्या का? अन् जवाई कुठं आहेत?"

उरलेले चाळीस फूट आणि खोदलेले सहा फूट डेन्मार्कनं दुपारपर्यंत केले. गावातल्या एकानंही हात लावला नाही. नत्थुजी खाटेवर बसून शेंगदाणे खात होता आणि सांगत होता, "तो दगड तिरपा आहे. काढा. पुन्ना बसवा." त्यानंतर रस्ता संपला, पण घरजावयाचं काम कधी संपतं का? डिसेंबराचा महिना, कापसाची वेचणी. दोघी सुना पऱ्हाटीत वाकल्या. जावई ज्वारी कापायला गेले. मग कडबा बांधणं, मग विहिरीचं पाणी, मग गोठा. पाऊल शेणाच्या गोवऱ्या थापायला शिकला, आणि पहिली गोवरी वाकडी झाली म्हणून मनकर्णाबाईनं त्याच्या हातावर चापट मारली. घरचा माणूस. या कामाच्या पहिल्या दिवशी पाहुणे आनंदानं गाणी म्हणत होते. तिसऱ्या दिवशी गाणी बंद झाली. पाचव्या दिवशी पाऊल ताटावर बसल्या बसल्या झोपला, घास हातात.

शिबिराच्या नवव्या दिवशी कारेन खुशालला बाजूला घेऊन गेली. तिच्या दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. इकडंतिकडं पाहून ती कुजबुजली, "खुशाल, तो तुमचा नत्थुपाडवा... तो पुन्हा कधी येतो?"

आधी काम नाही म्हणून अहवाल वाईट. आता काम जास्त म्हणून अहवाल वाईट. मधलं काही माणसाच्या नशिबात असतं की नाही?

पाहुणे गेले, सुना लुगडी घेऊन, जावई धोतरं घेऊन, रडत. मनकर्णाबाईही रडली, वर "दिवाईले येजा" म्हणाली. अकोल्यात म्हणे त्यांनी पहिले दोन दिवस नुसती झोप काढली, मग विहीर चांगली खोदली. देवीदासनं कोणाला हात लावू दिला नाही.

मार्चमध्ये पत्र आलं. खुशालनं ते ओसरीवर, सगळ्यांसमोर फोडलं, कारण एकट्यानं फोडायची त्याची हिंमत नव्हती.

कारेननं लिहिलं होतं: "अर्जात एक प्रश्न असतो, उमेदवार स्वतः अंगमेहनत करतो का? दहा दिवसांत मी तुला एकदाच काम करताना पाहिलं, आणि तेव्हा तू रस्ता फोडत होतास. मी खोटं लिहीत नाही. तसंच लिहिलं आहे. या उन्हाळ्यात आमच्या समुद्रकाठी लढाईच्या वेळच्या सिमेंटच्या कोठड्या फोडायच्या आहेत. बांधणारे आमच्याकडं पुष्कळ आले. हात फुटले तरी फोडत राहणारा तू एकटा. तुझी निवड झाली आहे. भिंती सहा फूट जाड आहेत."

आशाबाईनं गूळ वाटला. खुशालनं आपल्या तळहातांकडं पाहिलं. सहा फूट खोदायला त्याला एक तास लागला होता, तोही मुरूम होता.

पण ती काळजी पुढची. आधी पासपोर्ट. अर्ज केला, शिक्के झाले, जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेचा दाखला, तो वडिलांच्याच सहीचा म्हणून चालत नाही, मग तहसीलदारांचा, असं करत एप्रिल उजाडला. शेवटचं उरलं होतं फक्त पोलिसांचं. वर्तणूक चांगली आहे का, याची चौकशी. खुशालनं जन्मात कोणाची काकडी तोडली नव्हती. त्या बाबतीत तो निर्धास्त होता. आयुष्यात दुसऱ्यांदा.

जमादार सायकलवरून आला तेव्हा गाव पारावरच होतं. लिंबाखाली बसून त्यानं कागद काढला, पेन्सिल ओली केली.

"खुशाल जानराव. विलायतेला चालला. कसा आहे पोरगा?"

पोरगा मागच्या बाजूला नम्रपणे उभा होता. नत्थुजीनं छाती पुढं काढली. गावाचं नाव परदेशात निघणार होतं, आता हात आखडता कशाला घ्यायचा?

"कसा आहे? जमादारसायेब, अख्ख्या जिल्ह्यात असा पोट्टा नाई. या शायेचा रस्ता पायला का? पक्का रस्ता! या एकल्या पोट्ट्यानं खोदला. भर दुपारी."

"नत्थुकाका..." खुशाल म्हणाला.

"तू चूप राय. सोताची तारीफ सोताच्या तोंडानं करू नये, मी करतो. सायेब, त्याच कामावर त्याले डेनमारकानं निवडला. फोडाफोडीवर!"

जमादाराची पेन्सिल थांबली होती. ती पुन्हा चालू लागली. "सरकारी रस्ता? किती फूट?"

"पन्नास," नत्थुजी म्हणाला.

"शंभर म्हना," मनकर्णाबाई म्हणाली. "अन् हाताले रगत आलं, पन लेक थांबला नाई."

"सहाच होते हो! सहा!" खुशाल किंचाळला.

"पाय किती साधा आहे," नत्थुजी जमादाराला म्हणाला.

जमादारानं कागद उलटला. मागच्या कोऱ्या बाजूला वर एक नवीन ओळ आखली. "हं. याला पकडला कोणी?"

"मी!"

"आणि साक्षीदार?"

प्रश्न पुरा व्हायच्या आत वलगावनं हात वर केले. बायांनी, म्हाताऱ्यांनी, पारावरच्या अन् पाराखालच्या सगळ्यांनी. सगळ्यात उंच हात होता आशाबाईचा. नीट दिसावा म्हणून ती टाचा उचलून उभी होती.